अनोळखी मांजर घरात शिरतंय? बाहेर काढण्यापासून वाट बंद करण्यापर्यंत

घरात अनोळखी मांजर दिसलं की आधी हातातला झाडू खाली ठेवा आणि लेकरांना त्या खोलीतून बाहेर काढा. घाबरलेलं मांजर आल्या वाटेनं परत जायच्या भानगडीत पडत नाही. ते अंधारी, अरुंद नाहीतर उंच जागा गाठतं: फ्रिजमागे, दिवाणाखाली, माळ्यावर, जुनं माळवदाचं (मातीच्या धाब्याचं) घर असेल तर बळदात (धान्याच्या कोठारात) किंवा उतरंडीच्या मागे. एकदा ते तिथं दडलं की दोन मिनिटांचं काम दोन तासांवर जातं.

बाहेर काढायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. थेट अंगणात किंवा जिन्यात उघडणारं एकच दार निवडा, ते सताड उघडा आणि परत ढकललं जाऊ नये म्हणून वीट लावा. घरातली बाकीची आतली दारं लावून घ्या. गॅस बंद करा. छताचा पंखाही बंद करा, कारण माळ्यावरून उडी मारणारं मांजर पात्यात सापडतं. टीव्ही, मिक्सर बंद. दिवसा खोलीतला दिवा मालवा, म्हणजे उघडं दारच सगळ्यात उजेडाचं दिसेल. रात्री घरात अंधार ठेवून ओसरीचा दिवा लावा. मग माणसांनी त्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि वीस ते तीस मिनिटं खोलीत जायचं नाही. दारात उभं राहून आत डोकावणारा माणूसच बहुतेक वेळा मांजराला अडवून ठेवतो.

अर्ध्या तासानंतरही ते आतच असेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलगडून किंवा जाड गोधडी दोन्ही हातांनी जमिनीपर्यंत आडवी धरून दाराच्या विरुद्ध बाजूनं सावकाश पुढे सरका. मांजराला ती सरकणारी भिंत वाटते. डोळ्याला डोळा भिडवू नका, ओरडू नका. दिवाणाखाली असेल तर लांब झाडूचा दांडा भिंतीकडच्या बाजूनं जमिनीला घासत हळू न्या, टोचू नका. फ्रिजमागे हात घालणं हे चावा बसण्याचं सगळ्यात हमखास कारण आहे. माळ्यावर बसलेल्या मांजराला उतरायला काहीतरी तिरपं लावून द्या: शिडी, फळी किंवा बाज. मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असतात, त्यामुळे वर चढणं सोपं, पण तोंड खाली करून उतरताना त्या पकड घेत नाहीत. ते हट्टानं नाही, उतरता येत नाही म्हणून वर बसतं. उंबऱ्याबाहेर दोन-तीन सुकटीचे तुकडे ठेवले तर काम लवकर होतं.

गेलं की नाही हे कळत नसेल तर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला चाळणीनं कणकेचा पातळ थर द्या, विताएवढा रुंद. मांजराचा पंजा गोलसर उमटतो, चार बोटं आणि मागे गादी, नख्यांच्या खुणा नाहीत. कुत्र्याच्या पावलात नख्या दिसतात. बोटं बाहेरच्या दिशेला असतील तर पाहुणा गेला. तरी दार लावण्याआधी वॉशिंग मशीन, धान्याची कोठी, उघडं कपाट आणि दारातल्या गाडीचं बॉनेट बघून घ्या. कपाटात कोंडलेलं मांजर उन्हाळ्यात पाण्यावाचून फार तग धरत नाही.

नख लागलं, दात लागला तर

इथं मात्र कसलाही आळस नको. मांजराचा दात सुईसारखा असतो. जखम वरून बारीक दिसते, पण आत खोलवर घाण जाते आणि बारा ते चोवीस तासांत हात सुजून लाल होतो. शिवाय रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होऊ शकतो, आणि तो एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर उपाय नाही.

जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजानं केलेली पंधरा मिनिटं तीनचीच निघतात. पाण्याची टंचाई असेल तर तांब्यानं धार धरा, पण धुणं टाळू नका. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट, तंबाखू, रॉकेल यातलं काहीही लावायचं नाही आणि घट्ट पट्टीही बांधायची नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, दंडात दिली जाणारी ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं लागेल, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

मांजर ओळखीच्या वस्तीतलं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर पुढचे डोस किती घ्यायचे ते डॉक्टर ठरवतात. पण नजर ठेवायची म्हणून पहिला डोस पुढे ढकलू नका. विनाकारण अंगावर येणारं, लाळ गाळणारं, आवाज बदललेलं, लटपटणारं मांजर स्वतः पकडायला जाऊ नका. खोलीचं दार लावून घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

ते कुणाचं आहे?

शेपूट उभी धरून येणारं, तुमच्याकडे बघून ओरडणारं, पायाला अंग घासणारं मांजर माणसात वाढलेलं असतं. दोन हात अंतर राखून बसणारं, पण खायला दिलं की येणारं मांजर वस्तीतलं. आवाजच न करणारं, दिवसा दिसतच नाही आणि रात्री फक्त खरकटं नेणारं मांजर माणसाला सरावलेलं नाही, त्याला हात लावायला जाऊ नका. डाव्या किंवा उजव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर ती जखम समजू नका, नसबंदी झाल्याची ती खूण असते.

माणसाळलेल्या मांजराचा मालक शोधायचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्यावर ‘हे मांजर तुमचं आहे का? फोन करा’ आणि तुमचा नंबर लिहा, गळ्याभोवती दोन बोटं जातील इतकी सैल गुंडाळून टोकं चिकटपट्टीनं जोडा. दोरा, रबर, रिबन वापरू नका. कागद कुठं अडकला तर फाटतो आणि मांजराला फास बसत नाही. तीन-चार दिवसांत पट्टी गायब होते, नाहीतर फोन येतो. पाच-सहा दिवसांत कुणीच विचारलं नाही तर ते हरवलेलं असू शकतं. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकताना एक खूण मुद्दाम दाखवू नका, म्हणजे पोटावरचा डाग किंवा शेपटीचा बाक. जो ती खूण न विचारता सांगेल, तोच खरा मालक. लांब केसांची पर्शियन मांजरं पळवून विकायचेही प्रकार होतात, म्हणून ही काळजी. पशुवैद्यकाकडे स्कॅनर असेल तर कातडीखालची ओळखीची चिप बघून घ्या, तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो.

येतं कुठून, ते आधी शोधा

मांजर नेमकं कुठून शिरतं हे न बघता दारं-खिडक्या लावत बसलो तर उकाड्यानं आपणच हैराण होतो. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं. मोठ्या मांजराला साधारण आठ सेंटिमीटरची फट पुरते, पिल्लाला पाच. संशय असेल त्या प्रत्येक जागी रात्री कणकेचा थर द्या किंवा भिंतीला आडवा खडू फासा. सकाळी वाट सापडते.

मराठवाड्यातल्या घरात पहिला संशय कूलरच्या खिडकीवर घ्यावा. मार्चमध्ये कूलर बसतो तेव्हा खिडकीचं एक झापड काढून टाकलेलं असतं आणि कडेची फट थर्माकोल नाहीतर खोक्याच्या पुठ्ठ्यानं भरलेली असते. कूलरचा लोखंडी स्टँड म्हणजे मांजराला आयती पायरी. स्टँडखाली गारवा, टाकीत पाणी, आणि वर मऊ पुठ्ठा: एका रात्रीत नख्यांनी तो फाटतो. आणि जूनमध्ये कूलर काढून माळ्यावर ठेवला की खिडकीला भगदाड तसंच राहतं, दिवाळीपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

यावर सहा मिलिमीटरचं प्लायवूड किंवा पीव्हीसी फोमशीट घ्या. कूलर लावल्यावर चारही बाजूंच्या फटी मोजून पट्ट्या कापा, स्क्रूनं चौकटीला बसवा, कडेला फोमची पट्टी लावा म्हणजे आवाजही कमी होतो. कूलर काढला की त्याच चौकटीला एक इंची चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी बसवायची. डासांची फायबरची जाळी एकटी चालत नाही, नखीनं उभी चिरते. ती हवीच असेल तर बाहेरून वेल्डेड जाळी आणि आतून डासांची. दारालाही तसंच: जाळीच्या दाराचा खालचा दोन फूट भाग वेल्डेड जाळीनं मजबूत करा आणि दार आपोआप लागेल अशी स्प्रिंग बसवा.

माळवदाच्या घरात वाट असते ती सवण्याची, म्हणजे छतातल्या झरोक्याची. सवणं कायमचं बुजवू नका, घरात उजेड येतो आणि चुलीचा धूर जातो तो तिथूनच. लोखंडी पट्टीची चौकट करून तिला एक इंची जाळी वेल्ड करून घ्या आणि ती सवण्यावर चार इंच बाहेर येईल अशी ठेवून कडेनं मातीचा लेप द्या. पावसात वरून पत्रा किंवा घमेलं पालथं घालायला जागा राहते. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामधली जागा तपासा. पत्र्याच्या नाळीतून (पन्हळीतून) मांजर येत नाही, पण जिथं विटांचा शेवटचा थर अर्धा सोडलेला असतो तिथून येतं. तिथं वीट-माती, नाहीतर जाळीचा रोल करून घट्ट कोंबा. बुजवण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करा. माळ्यावर पिल्लं असताना वाट बंद केली तर भाटी (मांजरी) बाहेर रडत राहते आणि आत पिल्लं मरतात.

फट बुजवून झाली तरी ओढ उरते. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, ही म्हण कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहूनच केली असणार. दूध, साय, लोणी जाळीच्या कपाटात किंवा फ्रिजमध्ये जाऊ द्या. पातेल्यावर ताटली ठेवून भागत नाही, वर वरवंट्यासारखं वजन हवं. धार काढल्यावर चरवी लगेच धुवा. सुकट-बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात. मासे, मटण धुतलेलं पाणी मोरीत न सोडता बाहेर लांब, झाडाच्या आळ्यात खोल ओता. हे सलग दोन आठवडे पाळावं लागतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक दिवस हाकलायचं आणि दुसऱ्या दिवशी दया येऊन पोळी टाकायची. कधी मिळतं, कधी नाही, अशी जागा मांजर सर्वांत जास्त दिवस सोडत नाही.

खायला द्यायचंच असेल तर घराच्या आत नको. अंगणाच्या टोकाला, ठरल्या वेळी, आणि अर्ध्या तासानं भांडं उचलून घ्या. दूध देऊ नका. दूध तोडल्यानंतर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते, आणि तो त्रास पुन्हा तुमच्याच ओसरीवर येतो. पाणी मात्र ठेवा. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर पारा जातो तेव्हा बरीच मांजरं अन्नासाठी नाही, पाण्यासाठी आणि गार फरशीसाठी आत येतात. सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवून रोज पाणी बदललं की माठाकडे आणि कूलरच्या टाकीकडे येणं पुष्कळ कमी होतं.

मुताचा वास

बोका उभा राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर वीतभर-दीडवीत उंचीवर फवारा मारतो. ती हद्दीची खूण असते. वास राहिला तर तो आणि त्याचे प्रतिस्पर्धी पुन्हा तिथंच येतात. नेमकी जागा कळत नसेल तर नोटा तपासायचा छोटा यूव्ही दिवा घेऊन अंधारात बघा, डाग फिकट पिवळसर-हिरवट चमकतो.

जमीन कोणती आहे त्यावर उपाय ठरतो. चकचकीत टाइल असेल तर आधी कापडानं टिपून घ्या, पाण्यानं पुसा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दहा मिनिटं ठेवा आणि धुवा. शहाबादी फरशीवर व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही टाकू नका. ती चुनखडीची असते, आम्लानं पांढरे, खरखरीत डाग पडतात आणि ते जात नाहीत. तिथं कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून घासा, कोरडी झाल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. जनावरांच्या सामानाच्या दुकानात एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तो दोन्हींवर सगळ्यात चांगला.

सारवलेल्या जमिनीत मुरलेलं मूत वरून सारवून जात नाही, पहिल्या पावसाळी हवेत वास परत वर येतो. ओला भाग कडेनं चार बोटं जास्त धरून दोन इंच खणून काढा, कोरडी पांढरी माती भरा, पाणी शिंपून धुम्मसानं (जमीन चोपायच्या ठोकळ्यानं) ठोका, वाळल्यावर शेण-मातीचे दोन हात द्या.

फिनेल वापरू नका. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, पाय चाटले तरी विषबाधा होते. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. तिखटही नको, ते लेकरांच्या डोळ्यांतही जातं. मुतावर ब्लीचिंग पावडर टाकली तर श्वास कोंडणारा वायू निघतो. दारापुढं निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्या टांगायची पद्धत गल्लोगल्ली दिसते, तिचा मांजरावर काही परिणाम होत नाही.

बाळंतपणाला माहेरी आलेली लेक घरात असेल तर मांजराची विष्ठा तिनं साफ करू नये. विष्ठेतल्या, पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्माच्या जंतूंना रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून रोजच्या रोज काढावी. अंगणातल्या मातीत काम करतानाही मोजे हवेत, भाजी नीट धुवावी.

पिल्लं घातली असतील तर

कडब्याच्या गंजीत, सोयाबीनच्या भुसकटात, माळ्यावरच्या जुन्या गोधड्यांत भाटी वीण घालते. गर्भ साधारण त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचा. पिल्लांचे डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात. भाटी पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात, ते यासाठीच की जागा असुरक्षित वाटली की ती लगेच हलवते. म्हणून पिल्लं सापडली की हात न लावता मागे फिरा. आई मेली, असं ठरवण्याआधी चार ते सहा तास लांबून बघा. पिल्लांभोवती कणकेचं गोल कडं करून ठेवलं तर तुमच्या पाठीमागे ती येऊन गेली का ते कळतं.

जागा खरंच अडचणीची असेल तर ती हलवायला भाटीलाच भाग पाडता येतं. माळ्यावर दिवसातून दोनदा दिवा लावा, रेडिओ ठेवा, आणि खाली सावलीत आडवं खोकं, आत सुती कापड, अशी दुसरी जागा तयार ठेवा. दोन-तीन दिवसांत ती बहुधा नेते. गंजी मोडायची असेल तर वरून काटा मारू नका, पेंढ्या हातानं काढत जा.

आई नक्की नाही असं कळलं तर आधी पिल्लाला ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त झालं तर ते सरकेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, पत्र्याखाली पिल्लं उष्णतेनं सुकतात, त्यांना सावलीत खालच्या खोलीत आणा. पाजायला मांजराच्या पिल्लांची दूध पावडर घ्या. ती मिळेपर्यंत एखादा दिवस शेळीचं दूध चालेल. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पिल्लू पोटावर ठेवून. उताणं धरून पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसानं मागचा भाग हलका चोळा, नाहीतर त्याला शी-शू करता येत नाही. वजन रोज साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं, किराणा दुकानातला छोटा काटा त्याला पुरतो. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू करा.

ऊस तोडणीत किंवा शेताच्या बांधावर सापडलेली पिल्लं मात्र घरी आणू नका. ती रानमांजराची, कधी बिबट्याचीही असतात. मोठं रानमांजर ओळखायला सोपं: पाय लांब, अंग एकसारखं वाळूच्या रंगाचं, कानाच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि टोक काळं. माळ्यावर रात्री धावपळ करणारं, लांब तोंडाचं, काळपट, लांब शेपटीचं जनावर बहुधा मसण्या ऊद असतो. दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. पिल्लं होती तिथंच ठेवून माणसं लांब गेली तर आई बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन नेते.

पोत्यात घालून सोडणं

ही पद्धत अजून गावोगाव चालते आणि ती चुकीची आहे. नव्या जागी तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत, पाणी कुठं ते माहीत नसतं, आणि उन्हात बांधलेल्या पोत्यात ते वाटेतच मरतं. भाटी असेल तर मागे पिल्लं उपाशी. इकडे तुमच्या अंगणातली रिकामी जागा महिनाभरात दुसरं मांजर घेतं, कारण उंदीर आणि खरकटं तिथंच आहे. कायद्यानंही हे अंगाशी येऊ शकतं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चं कलम ११ आहे, आणि विष घालून मारलं किंवा लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उंदरांना औषध टाकत असाल तर मेलेले उंदीर रोज सकाळी चिमट्यानं उचलून पुरा, ते खाऊनही मांजर मरतं.

खरा उपाय नसबंदी. चार ते सहा महिन्यांपासून ती करता येते. पिल्लं पाजणाऱ्या भाटीसाठी पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबा, फार उशीरही करू नका, कारण ती पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचं काम असतं, म्हणून मांजराची शस्त्रक्रिया होते का ते आधी विचारा. पकडण्यासाठी पिंजरा वापरा, आत टोकाला सुकट. चार-पाच दिवस दार बांधून उघडं ठेवून तिथंच खाऊ घाला, मग एका पहाटे दार मोकळं सोडा. पिंजरा दर अर्ध्या तासानं बघा, दुपारी लावूच नका. मांजर अडकलं की लगेच चादर टाका, अंधारात ते शांत होतं. शस्त्रक्रियेनंतर बोका एक दिवस आणि भाटी दोन-तीन दिवस बंद खोलीत ठेवून, जिथून पकडलं त्याच जागी सोडायचं.

घरात तुमचं स्वतःचं मांजर असेल तर बाहेरच्याशी त्याची भांडी, अंथरूण आणि जागा दोन आठवडे वेगळी ठेवा. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा आजार पिल्लांना दोन-तीन दिवसांत मारतो आणि त्याचे विषाणू फरशीत, कापडात महिनोनमहिने टिकतात. आपल्या मांजराला आठ आठवड्यांपासून लस सुरू करा, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची. माळ्यावरून पिल्लं गेल्यावर घोट्याभोवती बारीक लाल पुरळ उठायला लागलं तर त्या पिसवा आहेत. गोधड्या कडक गरम पाण्यात धुऊन दोन दिवस गच्चीवर उन्हात टाका, माळा दर तीन दिवसांनी झाडून कचरा पिशवीत बांधून बाहेर टाका. अंड्यांतून नवीन पिसवा पुढचे काही आठवडे निघत राहतात, त्यामुळे हे निदान महिनाभर चालू ठेवा. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर माळ्यावर किंवा मांजराच्या अंगावर टाकू नका, तिच्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला आकडी येऊन ते दगावतं.